वाचकांचे प्रश्न : फरशीखालचा धाकटा राजा

गेल्या अंकात नंदगडच्या एका ताईंचं पत्र छापलं आणि उत्तर पुढच्या अंकात देईन असं म्हटलं होतं. तेवढ्यात त्याच पत्राचा धागा धरून आणखी तिघांनी लिहिलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच एका मुलासाठी ठेवते.

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही नंदगडचे. थोरला मुलगा दोन वर्षं झाली डेन्मार्कला नोकरीला आहे. सुट्टीत तो रिंगस्टेड नावाच्या गावातलं जुनं चर्च बघायला गेला होता. तिथं जमिनीतच राजेलोकांच्या समाध्या आहेत. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. वाल्डेमार नावाचे तीन राजे आहेत तिथं. एक पहिला, एक दुसरा, आणि तिसऱ्याला आकडाच नाही, नुसतं ‘तरुण’ म्हणतात. मुलगा सांगतो, त्याला अभिषेक झाला होता, बापाबरोबर पळवून नेलं होतं, चांदी देऊन सोडवलं आणि बावीस वर्षांचा असताना तो गेला. राजा होता तर यादीत का नाही? आणि एवढ्या लहान वयात कशाने गेला? मुलगा तिकडे एकटाच असतो, फोटो बघून मला कसंतरीच झालं, म्हणून विचारते.
— एक आई, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकतीस वर्षं मराठी शाळेत इतिहास शिकवला, शेकड्यांनी राजे फळ्यावर लिहिले आणि पुसले, पण हा मुलगा माझ्या एकाही वहीत नव्हता. महिनाभर त्याच्याबद्दल वाचते आहे आणि आता तो डोळ्यांपुढून हलत नाही.

आधी यादीचं सांगते. राजांच्या यादीत आकडा मिळतो तो ज्याने स्वतः गादी चालवली त्याला. हा मुलगा वडील जिवंत असतानाच राजा झाला आणि वडिलांच्या आधी गेला. एकट्याने राज्य केलं असा एकही दिवस त्याच्या वाट्याला आला नाही. काही जण त्याला तिसरा वाल्डेमार म्हणायचे, पण तो आकडा जवळजवळ शंभर वर्षांनी, १३२६ मध्ये, वाल्डेमार नावाच्याच दुसऱ्या एका अल्पवयीन राजाकडे गेला. मग ह्याच्या नावापुढे ‘तरुण’ तेवढं उरलं. आपल्याकडच्या रीतीने मी वडिलांना, म्हणजे दुसऱ्या वाल्डेमारना, थोरले राजे आणि ह्या मुलाला धाकटे राजे म्हणते, म्हणजे बापलेकांचा घोटाळा होणार नाही.

धाकट्या राजांचा जन्म १२०९ चा. आई डागमार, बोहेमियाची म्हणजे आजच्या चेक देशाची राजकन्या. ती १२१२ मध्ये रिबे या गावी वारली, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा. डेन्मार्कमध्ये आजही लोक तिच्याविषयी माया राखून बोलतात. राणी अखेरच्या घटका मोजते आहे हे कळल्यावर थोरले राजे घोडा फेकत रिबेला निघाले, सोबतचे स्वार एकेक करून मागे पडले, अशी कथा तिकडे सांगतात. रिंगस्टेडच्या थडग्यातून निघालेला सोन्याचा, मीनाकाम केलेला एक लहानसा क्रूस तिच्या नावाने ओळखला जातो. तो आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ‘डागमारचा क्रूस’ म्हणून त्याच्या प्रतिकृती तिकडच्या मुली गळ्यात घालतात. तुमच्या मुलाने दुकानात नक्की पाहिल्या असतील.

१२१४ मध्ये थोरल्या राजांनी दुसरं लग्न केलं. नवी राणी बेरेंगारिया, पोर्तुगालची. आणि पुढच्याच वर्षी, १२१५ मध्ये, साम्सो बेटावर सरदार जमले आणि सहा वर्षांच्या मुलाला राजा म्हणून निवडून दिलं. तारखा शेजारी शेजारी मांडून बघा, ताई. सावत्र आई घरात आली होती, सावत्र भाऊ अजून जन्मायचे होते. त्या मधल्या सवडीत बापाने हे उरकून घेतलं. मग १२१६ ला एरिक झाला, १२१८ ला आबेल, १२१९ ला क्रिस्तोफर. आबेल जन्मला त्याच वर्षी, २४ जून १२१८ रोजी, श्लेस्विगच्या चर्चमध्ये पंधरा बिशपांच्या साक्षीने नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

एवढी घाई कशासाठी? तर डेन्मार्कची गादी तेव्हा नुसत्या रक्ताने मिळत नसे, राजा निवडला जाई. राजघराण्यातला कुणीही उभा राहू शके आणि मग तलवारी निघत. थोरल्या राजांचे वडील, पहिले वाल्डेमार, ह्यांनी हे अंगावर सोसलं होतं. ते, स्वेन आणि क्नुड अशा तिघांनी राज्य वाटून घेतलं आणि समेट झाला म्हणून ११५७ च्या ऑगस्टमध्ये रोस्किल्ड गावात मेजवानी ठेवली. त्या मेजवानीतच स्वेनच्या माणसांनी हल्ला केला. क्नुड जागीच मेला, पहिले वाल्डेमार मांडीला जखम घेऊन अंधारात निसटले. दोन-अडीच महिन्यांनी ग्राटेच्या माळावर त्यांनी स्वेनला हरवलं आणि एकटे राजे झाले. पण ती रात्र ते विसरले नाहीत. ११७० मध्ये त्यांनी रिंगस्टेडच्या ह्याच चर्चमध्ये आपल्या सात वर्षांच्या मुलाला मुकुट घातला, म्हणजे आपल्या पाठीमागे वाद नको. आज्याने घालून दिलेली ही वाट. नातवाला त्याच वाटेने नेलं.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा संभाजीराजे युवराज म्हणून शेजारी बसले होते. तरी १६८० मध्ये महाराज गेल्यावर गडावर राजारामांना मंचकावर बसवलंच. संभाजीराजांना पन्हाळ्याहून येऊन आपली गादी ताब्यात घ्यावी लागली आणि जानेवारी १६८१ ला स्वतःचा अभिषेक करून घ्यावा लागला. युवराज म्हणजे उद्या होणारा राजा. डेन्मार्कच्या बापांनी ‘उद्या’ हा शब्दच पुसून टाकला. मुलगा आजच राजा.

इथं मला माझ्या घरातलं एक सांगू द्या. माझ्या आजोबांना चार मुलगे. त्यांनी हयातीतच तळीची जमीन थोरल्याच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या नावावर केली. उताऱ्यावर नाव चढलं तेव्हा काका अठरा वर्षांचे होते. एकाच्या नावावर राहिली तर तुकडे पडणार नाहीत, थोरला सगळ्यांना सांभाळेल, हा आजोबांचा हिशेब. काका तेविसाव्या वर्षी तापाने गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांचा एक फोटो होता, बेळगावात स्टुडिओत काढलेला, कोट घातलेला, मागे रंगवलेला बगीचा. त्यांच्याविषयी विचारलं की आजी म्हणायची, “त्येचं नाव नगं काढूस.” त्यांना काय आवडायचं, ते कसे हसायचे, चिडायचे का, हे मला कुणीच सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच की जमीन त्यांच्या नावावर होती. धाकट्या राजांविषयी वाचताना पानोपानी तो कोट मला दिसत राहिला. त्यांच्या नावावर देश होता.

आता पळवून नेण्याची गोष्ट. ती मुळात वाटणीची गोष्ट आहे, म्हणून सीमाभागातल्या कुठल्याही घरात कळेल. थोरल्या राजांना लग्नाआधीचा एक मुलगा होता, नील्स. त्याचं लग्न उत्तर जर्मनीतल्या श्वेरीनच्या काउंटाच्या, म्हणजे तिथल्या सरदाराच्या, बहिणीशी झालं आणि हुंड्यात श्वेरीनचा अर्धा वाडा आणि अर्धा मुलूख आला. नील्स १२१८ मध्ये वारला. त्याचा मुलगा लहान, म्हणून आजा म्हणजे थोरले राजे पुढे झाले आणि काउंट हेन्रिक पूर्वेला तीर्थयुद्धाला गेलेला असताना नातवाचा अर्धा वाटा म्हणून श्वेरीन ताब्यात घेतलं. हेन्रिक परत येऊन बघतो तर घर दुसऱ्याच्या हातात. त्याने विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही.

मे १२२३. थोरले राजे आणि धाकटे राजे शिकारीसाठी ल्यूओ नावाच्या बेटावर होते. बेट अगदी लहान, फ्यून बेटाच्या दक्षिणेला. हेन्रिक भेटीला आला, नजराणे आणले, मेजवानी झाली, दारू झाली. ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री बापलेक तंबूत गाढ झोपलेले असताना त्याची माणसं आत शिरली, दोघांना बांधलं, होडीत घातलं आणि अंधारात वल्ही मारत निघून गेली. बाल्टिकच्या काठचा सगळ्यात बलवान राजा सकाळी बेटावर नव्हता. मुलगा चौदा वर्षांचा होता.

दोघांना जर्मनीत नेलं. एल्बे नदीच्या बाजूला डानेनबर्ग गावात त्यांना कोंडलेला बुरूज अजून उभा आहे आणि त्याला वाल्डेमारचा बुरूज असंच म्हणतात. पोप तिसरे होनोरियस ह्यांनी काउंटाला धमकावलं, जर्मन बादशहाला कैदी आपल्या हातात हवे होते, जो तो आपापला सौदा करत होता. राजाचा भाचा आल्बर्ट सैन्य घेऊन सोडवायला गेला, तर जानेवारी १२२५ मध्ये म्योल्न इथं हरला आणि त्याच कैदेत येऊन पडला. अखेर नोव्हेंबर १२२५ मध्ये करार झाला. ४५,००० मार्क चांदी, वारलेल्या राणी बेरेंगारियाचे सोन्याचे दागिने, आयडर आणि एल्बे नद्यांमधला मुलूख सोडायचा, आणि सूड घेणार नाही अशी शपथ. थोरले राजे त्याच डिसेंबरात सुटले. मुलगा मात्र मागे राहिला. तो १२२६ च्या ईस्टरला सुटला आणि धाकटे सावत्र भाऊ ओलीस म्हणून त्या कैदेत गेले.

मी इथं बराच वेळ थांबले, ताई. थोरल्या भावाची सुटका लहानग्यांना आत घालून झाली. एरिक दहा वर्षांचा, आबेल आठ, क्रिस्तोफर त्याहून लहान. त्यांची आई १२२१ मध्येच गेलेली. आपल्या भावासाठी आपण इथं आहोत, हे त्या मुलांना कळण्याइतकी ती मोठी होती.

बापाने पोपकडून शपथ मोडून घेतली आणि लढाई केली. २२ जुलै १२२७ रोजी बोर्नह्योवेद इथं डेनिश सैन्य साफ हरलं. गेलेला मुलूख गेलाच. त्यानंतर थोरले राजे लढाया सोडून घर सावरायला लागले, आणि घर सावरणं म्हणजे थोरल्या मुलाचं, आपल्या धाकट्या राजांचं, लग्न.

सून पोर्तुगालहून आणली. एलेनोर, राजा दुसऱ्या अफोन्सोची मुलगी. बेरेंगारिया ह्याच अफोन्सोची बहीण, म्हणजे सून वारलेल्या सावत्र सासूची सख्खी भाची. मुलांचं आतेभावंडांचं नातं जोडलं की घर एक होईल, असं आपल्याकडेही म्हणतात ना! लग्न रिबेला झालं, जिथं मुलाची आई गेली होती त्याच गावात, २४ जून १२२९ रोजी. मुकुट घातला तीच तिथी, अकरा वर्षांनी. सासऱ्याने सुनेला फ्यूनचा दक्षिण अर्धा भाग आहेर दिला. ल्यूओ बेट त्याच किनाऱ्यासमोर आहे. तिच्या नवऱ्याला जिथून उचलून नेलं ते बेट तिच्या आहेराच्या अंगणात दिसत असणार.

दोन वर्षांचा संसार. २८ ऑगस्ट १२३१ रोजी एलेनोर बाळंतपणात गेली, विशीच्या आसपासची. बरोबर तीन महिन्यांनी, २८ नोव्हेंबरला, धाकटे राजे गेले. रेफ्सनेस नावाच्या ठिकाणी शिकारीला गेले होते. डेनिश भाषेत ‘नेस’ म्हणजे समुद्रात शिरलेलं जमिनीचं नाक. शिकारीत सोबतच्याच कुणाचा तरी बाण चुकून लागला. पायाला लागला असं सांगतात. हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. वैर नव्हतं, कट नव्हता, लढाई नव्हती. मुलूखभर शत्रू असलेल्या बापाचा मुलगा आपल्याच माणसाच्या बाणाने गेला.

दोघांना रिंगस्टेडला आई-बापांच्या रांगेत पुरलं. १८५५ मध्ये राजा सातव्या फ्रेडरिकच्या काळात ती थडगी उघडून तपासली होती. तुमच्या मुलाने पाहिलं ते हेच.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते वाचताना मला त्रास होतो. मुकुट एरिककडे गेला, १२३२ मध्ये बापाच्या हयातीतच. थोरले राजे १२४१ मध्ये वारले आणि एरिक आणि आबेल ह्यांच्यात युद्ध पेटलं. ऑगस्ट १२५० मध्ये एरिक श्लेस्विगला आबेलच्या घरी पाहुणा म्हणून गेला. रात्री आबेलच्या माणसांनी त्याला होडीत घालून श्लाय खाडीत नेलं, मारलं आणि प्रेत पाण्यात टाकलं. आबेलने चोवीस सरदारांसह शपथ घेतली की माझा हात नाही, आणि त्याच वर्षी मुकुट घातला. दोन वर्षांनी तो फ्रिसियाच्या मोहिमेत मारला गेला. मग तिसरा भाऊ, क्रिस्तोफर, गादीवर आला. एरिकच्या मरणाकडे बघा, पाहुणचार, रात्र, होडी, सगळं पुन्हा तेच. ह्या वेळी करणारा भाऊ होता.

आमच्या तळीच्या जमिनीचे आता सात तुकडे आहेत, ताई. मधल्या दोघा काकांचं बोलणं माझ्या लग्नातही नव्हतं.

मला राहून राहून एक वाटतं. सहाव्या वर्षी निवडलं, नवव्या वर्षी मुकुट घातला, चौदाव्या वर्षी बांधून नेलं, सतराव्या वर्षी चांदीने सोडवलं, विसाव्या वर्षी लग्न लावलं. प्रत्येक वाक्यात क्रियापद दुसऱ्याचं आहे. त्याने स्वतः होऊन केलेली एकच गोष्ट लिहून ठेवलेली सापडते, ती म्हणजे बायको गेल्यावर तीन महिन्यांनी तो शिकारीला बाहेर पडला.

तुमचा मुलगा एकटा असतो म्हणालात. त्याला आठवड्यातून एकदा तरी व्हिडिओवर बघत चला. काय जेवला ते विचारा, काय बोलला ते लक्षात ठेवा.

प्रश्न : ४५,००० मार्क चांदी म्हणजे आपल्या मापात किती? आणि एवढी चांदी एका राजाने आणली कुठून?
— एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : दादा, मार्क हे त्या काळी वजन होतं, नाणं नव्हे. गावोगावी थोडं कमी-जास्त असे. जर्मनीत कोलोन शहराचा मार्क चालायचा, सुमारे २३४ ग्रॅमचा. त्या मापाने ४५,००० मार्क म्हणजे साडेदहा टनांच्या आसपास चांदी. आपल्याकडे कारखान्याला जाणाऱ्या बैलगाडीत दीड-दोन टन ऊस धरला, तर पाच ते सात गाड्या उसाच्या वजनाइतकी चांदी.

आणली कुठून, ह्याचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. राजाचं देणं शेवटी शेतावर येतं. खंडणीनंतर मुलूखही गेला, म्हणजे त्या मुलखाचा वसूलही गेला. पुढे ह्याच मुलाचा भाऊ एरिक राजा झाला तेव्हा त्याने मोहिमेसाठी दर नांगरामागे कर बसवला. लोक इतके चिडले की त्याचं नावच ‘नांगरपैसा’ पडलं. इतिहासात आजही तो ‘एरिक नांगरपैसा’ म्हणूनच ओळखला जातो. तुमच्या घरात नांगर असेल तर त्या शेतकऱ्यांचा राग मी वेगळा सांगायला नको.

प्रश्न : त्याच वेळी आपल्या बेळगावात कोण राजा होता? आपल्याकडे एका वेळी दोन राजे असायचे का?
— इयत्ता दहावी, बेळगाव

उत्तर : बाळ, हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण ह्याचं उत्तर तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. किल्ल्यात जा आणि कमल बस्ती बघ. आत उभी राहून वर मान केलीस की छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ दिसेल. ते जैन मंदिर रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ चं. राजा चौथा कार्तवीर्य, मंदिर बांधणारा त्याचा अधिकारी बीचिराज, आणि बेळगावचं नाव तेव्हा वेणुग्राम. त्या काळच्या शिलालेखात राजाबरोबर त्याचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन ह्याचंही नाव युवराज म्हणून येतं. म्हणजे डेन्मार्कचे धाकटे राजे जन्मायच्या पाच वर्षं आधी आपल्या किल्ल्यात थोरला आणि धाकटा अशी जोडी दगडावर कोरलेली होती. डेन्मार्कमधला बाण सुटला त्या सुमारास देवगिरीवर यादवांचा सिंघण राज्य करत होता आणि रट्टांचं राज्य त्याच्या सरदारांनी गिळायला घेतलं होतं.

एका वेळी दोन राजे बघायचे असतील तर खानापूर तालुक्यात हलशीला ये. भूवराह नरसिंहाच्या देवळात गोव्याच्या कदंबांचे लेख आहेत. शिवचित्त पेर्माडी आणि त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य ह्या दोघांनी मिळून राज्य केलं. एक शिवाचा भक्त, एक विष्णूचा, आणि लेख दोघांचे. देवळाला दोन गाभारे आहेत, समोरासमोर. मी दरवर्षी मुलांना तिथं न्यायची आणि दोन्ही गाभाऱ्यांच्या मधोमध बसवून हा धडा शिकवायची. डबे सोडायची वेळ झाली तरी प्रश्न संपायचे नाहीत.

प्रश्न : मुकुट घातला पण राज्य केलं नाही, असे आणखी कोणी झाले का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : झाले. दोघांचं सांगते. फ्रान्सचा राजा सहावा लुई ह्याने आपला मुलगा फिलिप ह्याला ११२९ मध्ये मुकुट घातला. दोन वर्षांनी पॅरिसच्या रस्त्यात त्याच्या घोड्याच्या पायात डुक्कर आलं, घोडा कोसळला आणि पंधरा वर्षांचा राजा गेला. त्या काळी शहरात डुकरं मोकळी फिरत. दुसरा इंग्लंडचा हेन्री, दुसऱ्या हेन्रीचा मुलगा. ११७० मध्ये त्याला वेस्टमिन्स्टरला मुकुट मिळाला, पण बापाने ना मुलूख दिला ना पैसा. तो भावांना घेऊन बापावर उलटला. ११८३ मध्ये हगवणीने वारला, अठ्ठावीस वर्षांचा. त्यालाही ‘तरुण राजा’च म्हणतात आणि त्यालाही आकडा नाही.

आमचा धाकटा बापावर उलटला नाही. एवढा फरक आहे, आणि त्याच्यासाठी तो मला मोठा वाटतो.

ता. क. नंदगडच्या ताईंना : पत्रासोबत तुम्ही फोटोची जी प्रत पाठवली त्यात धाकट्या राजांची शिळा पूर्ण आली आहे, पण शेजारची कडेला कापली गेली आहे, टोक तेवढं दिसतं. मुलगा पुन्हा रिंगस्टेडला गेला तर त्याला सांगा, एलेनोरचाही फोटो काढ. आणि निघताना दोघांसमोर दोन मिनिटं उभा राहा, माझ्या वतीने.